वाचक विचारतात : हे चित्र खरंच पोराने काढलंय का?

जुन्या खाण्यापिण्याच्या जाहिरातींवर आपण लिहायला लागल्यापासून पत्रं येतच आहेत, पण यावेळी गंमत अशी की निम्मी पत्रं फिलिपिन्सचीच. आपली इतकी पोरं तिकडे डॉक्टरकी शिकायला गेलीयेत की तिथला माळा आवरला तरी धूळ सांगलीत उडते. तर हा सगळा अंक तिकडचाच.

प्रश्न : सर नमस्कार. माझी मुलगी दावाओला मेडिकलला आहे. ती राहते तिथल्या घरमालकीणबाईंना सगळ्या मुली तिता, म्हणजे मावशी, म्हणतात, साठीच्या आहेत, एकदम प्रेमळ. त्यांनी घर आवरताना जुन्या मासिकांची पानं काढली आणि मुलीने मला फोटो पाठवले. एका पानावर डब्यातल्या दुधाची जाहिरात आहे, ब्रँडचं नाव घडीवर फाटलंय. वर खडूने काढल्यासारखं चित्र आहे, दोन डोंगर, मधून सूर्य, बांबूचं उंचावर बांधलेलं घर, आई, आणि हातात ग्लास धरलेला मुलगा, खाली वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांत आईकडे अजून दूध मागितलंय. तिता म्हणतात आमच्या लहानपणी शाळेत अशा स्पर्धा असायच्या, हे एखाद्या पोराचंच चित्र आहे. मला आपलं वाटतंय की कुणीतरी मोठ्या माणसाने मुद्दाम तसं काढलंय. कोण बरोबर? आणि पान साधारण किती जुनं असेल?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, तुम्ही बरोबर. पण तितांना लगेच सांगायला जाऊ नका, त्यांचंही खोटं नाहीये, त्या दोन गोष्टी एकत्र करतायत, ते कसं ते पुढे सांगतो.

आधी चित्र. तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून त्या मुलाचा हात बघा. अंगठा ग्लासच्या पुढून आलाय, चार बोटं मागे गेलीत आणि जिथे बोटं आहेत तिथे ग्लासची रेघ बरोब्बर थांबलीये. सहा-सात वर्षांचं पोर असं काढत नाही हो. ते हाताला पाच काड्या काढतं आणि ग्लास त्या काड्यांच्या टोकाला चिकटवतं, एकामागे एक वस्तू लपते ही भानगडच त्याला नको असते, उलट पोटात गेलेलं दूधसुद्धा बाहेरून दिसतं असं काढेल. व्हिक्टर लोवेनफेल्ड म्हणून मूळचे ऑस्ट्रियाचे, नंतर अमेरिकेत शिकवणारे कलाशिक्षक होते, त्यांनी मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, त्यात साधारण सात ते नऊ वर्षांच्या टप्प्यात मूल कागदाच्या तळाला एक जमिनीची रेघ मारतं आणि सगळ्यांना त्या एकाच रेघेवर उभं करतं. तुमच्या पानावर आई थोडी मागे, मुलगा पुढे आणि घर आणखी मागे आहे. म्हणजे काढणाऱ्याला लांब-जवळ पक्कं कळतं.

दुसरं, उजवीकडे वरचा कोपरा रिकामा आहे आणि तिथेच डब्याचा फोटो बसवलाय. पोरं जाहिरातवाल्यांसाठी जागा सोडत नसतात. एकतर सगळा कागद भरून टाकतील नाहीतर खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढं काढून मोकळे होतील. आणि अक्षरांत फक्त 'के' उलटा काढलाय, बाकी स्पेलिंगला धक्का नाही, ही तर आम्हा लोकांची जुनी खोड. मी ॲप्लाइड आर्ट करून एजन्सीत लागलो तेव्हा 'लहान मुलाने काढल्यासारखं' असं काम आलं की सीनियर लोक सरळ डाव्या हातात ब्रश धरायचे, एक अक्षर उलटं करायचे आणि चहाला जायचे. डाव्या हाताची रेघ थरथरते पण ती सगळीकडे सारखीच थरथरते, हे लक्षात ठेवा. पोराची रेघ तशी नसते, जिथे त्याला मजा येते तिथे खडू इतका दाबतं की कागद फाटायला येतो आणि कंटाळा आला की रेघ पळते.

आता तिकडे असं काढणारे हात होते का, तर भरपूर होते. फिलिपिन्समध्ये मोठमोठ्या चित्रकारांनी मालाची, मासिकांची कामं केलीयेत. फर्नांडो अमोर्सोलो, जे १९७२ मध्ये त्या देशाचे पहिले राष्ट्रीय कलाकार झाले, त्यांनी १९१७ च्या सुमारास जिनेब्रा सान मिगेल या जिनच्या बाटलीचं लेबल काढलं, देवदूत सैतानाला तुडवतोय ते, आणि ते चित्र आजही बाटलीवर आहे. विसेन्ते मानान्साला पुढे केवढे नावाजले, पण सुरुवातीला वर्तमानपत्रं आणि लिवायवाय मासिकासाठी इलस्ट्रेशन करत होते. लॅरी अल्काला हे व्यंगचित्रकार, त्यांनी १९५० च्या दशकात डॅरिगोल्ड दुधाच्या जाहिरातीचं ॲनिमेशन केलं, तिथे टीव्ही १९५३ मध्ये आला त्याला नुकती काही वर्षं झाली होती. अशा लोकांना दोन डोंगर आणि एक सूर्य म्हणजे काय जड होतं!

त्यात त्या काळात मुलांच्या चित्राला भाव आला होता जगभर. युनिसेफचं पहिलं शुभेच्छापत्र १९४९ चं, ते चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या मुलीच्या चित्रावरून झालं, आणि त्याच वर्षी इकडे दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी मुलांची चित्रस्पर्धा सुरू केली. मुलाने काढलेलं चित्र दिसलं की माणूस थांबतो, हसतो, आणि आई असेल तर खालचा मजकूर वाचतेच वाचते, हे एजन्सीवाल्यांनी हेरलं. खऱ्या पोराकडून चित्र घ्यायचं म्हणजे वैताग, त्याला सांगाल तसं ते काढणार नाही, डबा विसरेल, दूध निळं काढेल, आईपेक्षा कुत्रा मोठा काढेल. मग मोठ्याकडूनच काढून घ्यायचं. माझं मत विचाराल तर हा प्रकार मला कधीच फारसा आवडला नाही, कारण त्यात पोराचं एकच वाक्य असतं, मला अजून द्या. खऱ्या पोराने काढलं असतं तर त्या चित्रात आणखी दहा गोष्टी असत्या आणि दूध कदाचित नसतंच.

एक मात्र अस्सल आहे, ते डोंगर आणि बांबूचं घर. दोन डोंगर, मधून किरणं सोडणारा सूर्य, नारळाचं झाड, खाली शेत हे आपल्याकडची पोरं काढतात तसंच तिकडचीही काढतात, फक्त आपली कौलारू घर काढतात आणि ती खांबांवर उभं असलेलं, शिडी लावलेलं झावळ्यांच्या छपराचं घर काढतात. धुराडं असलेलं घर असतं तर मी म्हटलं असतं की चित्र अमेरिकेहून तयार आलंय. हे काढणारा तिथलाच माणूस आहे.

आता काळ. फोटोत तळाला बारीक टायपात 'मकाती, रिझाल' वाचता येतंय. नोव्हेंबर १९७५ मध्ये मेट्रो मनिला झालं आणि मकाती रिझाल प्रांतातून त्यात गेलं, त्यामुळे हा पत्ता त्याच्या आधीचा. मागच्या बाजूला फिलिपिन्स फ्री प्रेसचं नाव अर्धवट दिसतंय, ते साप्ताहिक सप्टेंबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोसने मार्शल लॉ लावल्यावर बंद पडलं ते १९८६ मध्येच परत निघालं. दोन्ही जुळवलं तर पान १९७२ च्या आधीचं. छपाई नुसती काळी आणि लाल आहे. खडूचा पोत बघायचा असेल तर मुलीला मोबाइल अगदी जवळ नेऊन फोटो काढायला सांगा, रेघेत ठिपके ठिपके दिसले तर हाफटोन आणि नुसतीच तुटक काळी रेघ दिसली तर लाइन ब्लॉक, म्हणजे आर्टिस्टने खरखरीत कागदावर काळा खडू फिरवून थेट ब्लॉकसाठीच काढलंय. मला हा लाइन ब्लॉकच वाटतोय.

आणि तितांचं काय? १९७४ च्या पोषण कायद्याने तिथे जुलै हा पोषण महिना ठरला, आणि तेव्हापासून जुलै आला की शाळाशाळांत पोस्टर स्पर्धा. पोरं ऑस्लो पेपरवर, म्हणजे तिथला नेहमीचा ड्रॉइंगचा जाड पांढरा कागद, त्यावर नाहीतर कार्तोलिनावर, म्हणजे कार्डपेपरवर, 'गो, ग्रो, ग्लो' काढतात. भात-पाव-तेल म्हणजे गो, मासे-अंडी-दूध म्हणजे ग्रो, भाज्या-फळं म्हणजे ग्लो. साठीच्या बाई म्हणजे त्या तेव्हा शाळेतच असणार, त्यांना त्या स्पर्धा आठवतायत, पण त्या १९७४ नंतरच्या आणि हे पान १९७२ च्या आधीचं. त्यांनी स्वतः कधी बक्षीस मिळवलं का ते विचारा बरं, आणि त्यांचं एखादं पोस्टर घरात सापडलं तर ते आधी जपून ठेवायला सांगा, ते या जाहिरातीपेक्षा मोलाचं. पानाला सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. न्यूजप्रिंट उन्हात पिवळा पडून तुकडे होतात, सपाट ठेवा, अंधारात ठेवा, आणि ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या.

प्रश्न : शेतीप्रधान देश, घरोघरी म्हशी, मग जाहिराती सगळ्या डब्यातल्या दुधाच्या का? आपल्याकडे गवळी दारात येत होता तसं तिथे नव्हतं का?
— जुन्या डब्यांचा संग्राहक, पुणे

उत्तर : म्हशी आहेत पण त्या नांगराच्या. तिथली काराबाव म्हैस भाताच्या चिखलात राबते, दूध देते पण थोडं, ते दूध लागुना आणि बुलाकानकडे पांढऱ्या चीजमध्ये जातं नाहीतर बुलाकानमधल्या सान मिगेल गावाच्या पास्तियास नावाच्या मिठाईत जातं, आपल्या पेढ्याच्या जवळ जाणारा प्रकार आहे तो. रोज पेलाभर पिण्याची सवयच नव्हती. आणि उष्ण दमट हवेत दूध टिकणार किती वेळ?

मग अमेरिकन राज्य आलं, १९०९ च्या कायद्याने अमेरिकेचा माल जकातीशिवाय यायला लागला, डबे आले. १९११ मध्ये नेस्लेने मनिलाच्या बिनोंदो भागात ऑफिस उघडलं. त्याच्या जोडीला एक खरोखरची भीती होती, ती म्हणजे बेरीबेरी. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ खाऊन आयांच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व नाही, म्हणून त्यांच्या दुधातही नाही, आणि अंगावर पिणारी बाळं दगावायची. मनिलात तेव्हा एडवर्ड व्हेडर हे अमेरिकन लष्करी डॉक्टर यावर काम करत होते, त्यांनी १९१० मध्ये सरकारी प्रयोगशाळेतल्या एका तरुण केमिस्टला तांदळाच्या कोंड्याचा अर्क दिला आणि सांगितलं यात काय आहे ते शोध. तो केमिस्ट रॉबर्ट विल्यम्स, मिशनऱ्यांचा मुलगा, जन्म आपल्याकडचा, नेल्लोरचा! त्याने पाठ सोडली नाही आणि १९३६ मध्ये बी-१ प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. कोंड्याचा तो अर्क तिकितिकी नावाने बाटलीत विकला जायचा, बाळांना थेंबथेंब द्यायचे.

म्हणजे त्या काळच्या आईला बाळाच्या खाण्याची धास्ती होतीच, ती जाहिरातवाल्यांनी शोधून काढलेली नव्हती. फक्त त्या धास्तीचं उत्तर म्हणून त्यांनी गोड आटवलेल्या दुधाचा डबा पुढे केला, जे उत्तर नव्हतं. हे मला त्या गुबगुबीत चित्रांपेक्षा जास्त टोचतं. मनिलात 'गोता दे लेचे' नावाची संस्था मात्र त्याच काळात गरीब बाळांना दूध वाटत होती, तिची १९१५ ची इमारत सांपालोकमध्ये अजून आहे, आर्किटेक्ट आरेयानो बंधूंची, फ्लॉरेन्समधल्या जुन्या अनाथालयाच्या धर्तीवर बांधलेली. मनिलाला जाणं झालं तर बघून या.

प्रश्न : मी नव्वदच्या दशकात मनिलात नोकरीला होतो. स्टार मार्जरिनची जाहिरात असायची, 'इबा ना आंग मातांगकाद', उंच असलं की बातच न्यारी. आमच्या शेजारची पोरं दाराच्या चौकटीवर पेन्सिलने उंची मोजत मार्जरिन खायची. ती शुद्ध फसवणूकच होती ना?
— निवृत्त बँकवाले, ठाणे

उत्तर : अर्धी. बास्केटबॉलचं वेड असलेला देश, १९७५ पासून तिथे व्यावसायिक लीग, आशियातली पहिली, त्यामुळे पोराची उंची हा प्रत्येक आईबापाचा जिव्हाळ्याचा विषय. तिथे नेम धरला. मार्जरिनने हाडं लांब होत नाहीत, पण ते मार्जरिन फ्रिजशिवाय टिकायचं, गरिबाच्या घरात गरम भातावर किंवा पावावर साखर भुरभुरून खाल्लं जायचं, आणि त्यात जीवनसत्त्व अ घातलेलं होतं. नव्वदच्या दशकात फ्लोरेंतिनो सोलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांवर अभ्यास केला तेव्हा असं मार्जरिन रोज खाणाऱ्या मुलांच्या रक्तातलं अ जीवनसत्त्व सुधारलेलं दिसलं. म्हणजे डोळ्यांना फायदा आणि जाहिरात उंचीची! डोळ्यांचं सांगितलं असतं तर खपलं नसतं, हे कटू असलं तरी धंद्यातला माणूस म्हणून मला पटतं.

प्रश्न : जुन्या डब्यांवर गोंडस बाळं असायची, आता तिकडच्या डब्यांवर टेडी बेअर, तारे असलं काहीतरी असतं. फॅशन बदलली का?
— नाव नको, नाशिक

उत्तर : फॅशन नाही, कायदा. ऑक्टोबर १९८६ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षा कोरी अकिनो यांनी आदेश क्रमांक ५१ काढला, तिकडे त्याला मिल्क कोडच म्हणतात. तान्ह्या बाळांच्या दुधाच्या डब्यावर बाळाचं चित्र नको आणि ते दूध फार भारी वाटेल असं दुसरं चित्रही नको. पुढे सरकारने जाहिरातींवर सरसकट बंदी घालायचा प्रयत्न केला, कंपन्या कोर्टात गेल्या आणि २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती सरसकट बंदी उडवली, पण डब्यावरचं बाळ काही परत आलं नाही. आपल्याकडे असाच कायदा १९९२ चा. घरातला डबा फिरवून बघा, बाळ दिसणार नाही.

प्रश्न : दावाओच्या त्या चित्रासारखी चित्रं नेटवर बरीच आहेत. ती छापून टी-कोस्टर बनवून विकले तर चालेल का? काढणारं मूल कोण होतं हे तर कुणालाच माहीत नाही.
— हौशी उद्योजिका, कोल्हापूर

उत्तर : 'कुणालाच माहीत नाही' म्हणजे 'कुणाचंच नाही' असं होत नाही ताई. फिलिपिन्सच्या कायद्यात हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षं राहतो, आणि नाव नसलेल्या कामाला प्रकाशनापासून ५० वर्षं. पण तुम्ही विकणार इथे, आणि आपल्याकडे हाच आकडा ६० आहे. आता १९६५ मध्ये आठ वर्षांच्या पोराने नावानिशी काढलेलं चित्र असेल तर तो माणूस आज घरी नातवंडांत बसलेला असायचा, म्हणजे हक्क जिवंत. ब्रँडचं नाव दिसत असेल तर ट्रेडमार्कचं वेगळंच लफडं, ते वर्षं मोजत बसत नाही. गल्लीतल्या पोरांकडून नवीन चित्रं काढून घ्या, आईवडिलांची लेखी परवानगी आणि पोराला चार पैसे द्या, कोस्टरवर त्याचं नाव टाका. विकलं जाईल, आणि दूध निळं असलं तर आणखीच.

प्रश्न : काका, मी सातवीत आहे. माझी मनिलामधली मैत्रीण तिच्या वाढदिवसाचं चित्र पाठवते त्यात केकच्या शेजारी नेहमी लाल स्पॅगेटी आणि त्यात सॉसेज असतं. हे कुठल्या जाहिरातीतून आलं का?
— इयत्ता सातवी, रत्नागिरी

उत्तर : वा, नीट बघतेस चित्रं! वाढदिवसाला नूडल्स खायचे ही चिनी लोकांकडून आलेली रीत, लांब नूडल म्हणजे लांब आयुष्य, म्हणून तिथे आधी पान्सित, म्हणजे तिथल्या नूडल्स, करायचे. अमेरिकन लोकांबरोबर स्पॅगेटी आली आणि ती पान्सितच्या शेजारी जाऊन बसली. वरचा लाल रंग टोमॅटोचाच असेल असं नाही, तो बऱ्याचदा केळ्याच्या केचपचा असतो. हो, केळ्याच्या! टोमॅटो महाग आणि केळी मुबलक, म्हणून मारिया ओरोसा नावाच्या फूड केमिस्टने केळी, साखर, व्हिनेगर आणि मसाले घालून केचप केलं आणि त्याला लाल रंग दिला. या बाई फार मोठ्या, युद्धात उपाशी लोकांसाठी सोयाबीनची पौष्टिक पावडर बनवली, आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत बॉम्बच्या तुकड्याने गेल्या. केचप बाजारात आणलं माग्दालो फ्रान्सिस्को यांनी, ब्रँडचं नाव माफ्रान, म्हणजे नाव-आडनावाचे तुकडे जोडून केलेलं.

मग जाहिरातींनी पुढचं काम केलं आणि आता सॉसेज नसेल तर तो वाढदिवसच नाही असं तिथल्या पोरांचं मत आहे. घरी करून बघायची असेल तर साध्या केचपमध्ये पिकलेलं केळं कुस्करून आणि थोडी साखर घालून सॉस शिजव, वर चीज किस. आईला आधी सांग मात्र की ती गोड लागते, नाहीतर पहिल्या घासाला तुलाच ओरडा बसेल की मिठाऐवजी साखर पडली म्हणून.